स्मरणाच्या यादीतलं चौदावं नाव

त्या वर्षी चिठ्ठ्या चौदा आल्या. मी त्या दोनदा मोजल्या आणि मगच उपासनेच्या कागदावर आकडा लिहिला. माझी मोजणी चुकली नव्हती. चुकलं ते दुसरंच काही, आणि ते कळायला मला दोन महिने लागले.

दिल्लीत आमची मराठी उपासना महिन्यातून एकदा, चौथ्या रविवारी दुपारी तीन वाजता असे. सकाळी त्याच चर्चमध्ये आधी इंग्रजी आणि मग हिंदी उपासना होई. आमच्या वाट्याला दुपार येई. मंडळी लहान, अडतीस कुटुंबांची. बहुतेक नगर, मिरज, जालन्याकडची, केंद्र सरकारच्या नोकरीसाठी इकडे आलेली. काही फौजेतली. मी स्वतः मिरजेचा, आकडेवारीच्या खात्यात नोकरीला. तेव्हा माझं वय सत्तेचाळीस होतं आणि मंडळीचा सेक्रेटरी म्हणून माझं सहावं वर्ष चालू होतं. उपस्थिती, बाप्तिस्मे, मृत्यू, प्रभुभोजनात भाकरीबरोबरच्या द्राक्षारसाला माणशी एक याप्रमाणे लागलेले पेले, सगळ्याची नोंद मी ठेवत असे. यात मला आनंद होता आणि थोडा गर्वही होता, हे कबूल करतो.

नोव्हेंबरच्या उपासनेत आम्ही मृतांचं स्मरण करत असू. आमची माणसं बहुधा गावाकडेच दगावत. तार यायची, नाहीतर ट्रंक कॉल, आणि गाडी पकडून पोचेपर्यंत माती झालेली असायची. म्हणून आधीच्या एका पाळकांनी प्रथा घातली होती की ज्यांना आपल्या हाताने माती देता आली नाही, त्यांचं नाव इथे दिल्लीत मंडळीसमोर घ्यायचं. एक नाव, घंटेचा एक टोल, आणि सगळे उभे. एकदा नाव घेतलं की ते पुन्हा घ्यायचं नाही. पूर्वी लोक कसल्याही कागदावर नावं लिहून द्यायचे. मी सेक्रेटरी झाल्यावर छापील चिठ्ठ्या केल्या. वर एक ओळ, 'ज्यांना माती देता आली नाही असे आपले', आणि खाली चार जागा: नाव, नातं, वय, ठिकाण.

त्या वर्षी तेरावी चिठ्ठी माझी होती. माझी आई मार्चमध्ये मिरजेत गेली. मी एकोणीस तास उशिरा पोचलो. माती अजून ओली होती.

घंटा वाजवायला माझी बायको होती. नावं मी वाचत होतो. आईचं नाव वाचलं. टोल पडला. मग चौदावी चिठ्ठी. पेन्सिलने लिहिलेलं एका बाईचं नाव, नात्याच्या जागी 'सोबत', ठिकाण 'नेफा', म्हणजे ईशान्येचा सीमाभाग, वयाची जागा रिकामी. चिठ्ठी हवालदारकाकांची होती. सगळी मंडळी त्यांना याच नावाने हाक मारी. नगरकडचे, फौजेतून रिटायर झालेले, वय सत्तरीच्या आत-बाहेर. पालमला मुलीकडे राहायचे आणि शेवटच्या बाकावर भिंतीला खांदा लावून बसायचे. मी नाव वाचलं, टोल पडला, मंडळीनं डोकी खाली केली. मग पाळकांनी प्रभुभोजन दिलं आणि उपासना संपली.

नंतर मागच्या हॉलमध्ये चहा असे. काका कप घेऊन खिडकीशी उभे होते. मी नोंदवही घेऊन गेलो.

"सलाम, काका."

"सलाम, सेक्रेटरीसाहेब." चेहरा नेहमीपेक्षा मोकळा दिसत होता. त्यांना हसताना मी पहिल्यांदाच पाहत होतो.

"तुमच्या चिठ्ठीत वय राहिलंय. वहीत लिहावं लागतं."

"सात," ते म्हणाले.

माझी पेन्सिल थांबली. "सात वर्षांची? अरेरे. कोणाची हो मुलगी? भावाची?"

"मुलगी नव्हे. खेचर."

"काय?"

"खेचर होती. आमची तुकडी खेचरांची होती ना, डोंगरात रसद न्यायची. ती माझ्याकडे पाच वर्षं होती. नाव मीच ठेवलेलं." ते हे इतक्या सरळ सांगत होते, जसं कोणी आपल्या आत्याविषयी सांगावं.

मला आधी कळेचना. मग कळलं. मी मंडळीला उभं केलं होतं. पाळकांनी हात जोडले होते. माझ्या आईच्या नावानंतर, तिच्या टोलाचा आवाज पुरता विरायच्या आत, मी एका जनावराचं नाव घेतलं होतं.

"काका, ही चेष्टा आहे का?"

"चेष्टा कशाला करीन? तुमच्याच चिठ्ठीवर छापलंय, ज्यांना माती देता आली नाही ते. तिला नाही देता आली. वर सगळं बर्फ. टिकाव चालत नव्हता."

"अहो, ते माणसांसाठी छापलंय!"

"तसं लिहिलं नव्हतं," ते म्हणाले. उद्धटपणे नाही. हुकूम नीट वाचल्यासारखं.

आजूबाजूचे एकदोघे वळून पाहू लागले. मी आवाज खाली आणला, पण शब्द खाली आणले नाहीत. "माझ्या आईच्या पाठोपाठ वाचलं मी ते. त्याच घंटेवर. जनावराला आत्मा नसतो, काका. ते मेलं की संपलं. वर नसतं, खाली नसतं, कुठंच नसतं. नाव कोणाचं घ्यायचं?"

"कुठंच नसतं?"

"कुठंच नाही."

"बिल्कुल?"

"बिल्कुल."

त्यांनी कप खिडकीत ठेवला. अर्धा चहा तसाच होता. टोपी घेतली आणि निघून गेले. मी तिथल्या तिथे पट्टी लावून चौदाव्या नावावर सरळ रेघ मारली आणि खाली बेरीज तेरा केली.

घरी परतताना बसमध्ये बायकोला सांगितलं. वाटलं होतं, तीही चिडेल. ती खिडकीबाहेर पाहत म्हणाली, "कुठंच नाही असं तुम्ही म्हणालात, ते कशावरून?"

"सगळ्यांनाच ठाऊक आहे."

"मला नव्हतं. घंटा मी वाजवली. मला तरी दोन्ही टोल सारखेच ऐकू आले."

मला तिचाही राग आला. पाळकांना मी दुसऱ्या दिवशी फोनवर सगळं कळवलं. ते वयाने माझ्याहून लहान होते, आणि घाईने बोलण्याची त्यांना सवय नव्हती. "हं," एवढंच म्हणाले. मग थोड्या वेळाने, "त्यांना सांगण्याआधी मला विचारायचं होतं."

ऑफिसात जेवणाच्या टेबलावर आम्ही तीन ख्रिस्ती होतो. एक वसईचा कॅथलिक, एक केरळची बाई, आणि मी. तिथे मी हे तक्रार म्हणून सांगितलं. वसईकर इतका हसला की त्याला ठसका लागला.

"म्हणजे तू चर्चमध्ये खेचराला श्रद्धांजली वाहिलीस? शाब्बास रे! पुढच्या वर्षी माझ्या बोक्याचं नाव घे. नातं लिही, शेजारी."

"हसण्यासारखं नाही ते."

"बरं, नाही हसत. पण आत्मा नसतो म्हणालास ते काही बरोबर नाही हं. आमच्या जुन्या पंडितांचं म्हणणं असं की जनावराला आत्मा असतो. फक्त तो देहाबरोबर विझतो. माणसाचा तेवढा टिकतो."

"शेवटी तेच झालं."

"तेच कसं? मुळात नसणं आणि असून विझणं, तुझ्या खात्यात एकाच रकान्यात टाकतात का?"

तेवढ्यात केरळची बाई डब्यावर झाकण लावत म्हणाली, "शेर और मेमना साथ में बैठेंगे, ये तो लिखा है. नई धरती पर जानवर होंगे, पक्का. पर मेरा वाला कुत्ता होगा कि कोई और, ये किसने बताया?"

"तो क्या मानती हैं आप?" वसईकराने विचारलं.

"मैं मानती हूँ कि पूछना पड़ेगा," ती म्हणाली आणि हात धुवायला गेली.

मी थक्क झालो होतो. एका टेबलावर तीन ख्रिस्ती आणि तीन उत्तरं. मी सत्तेचाळीस वर्षं असं धरून चाललो होतो की या प्रश्नाला उत्तर एकच आहे, आणि ते कोणीतरी कधीतरी मला शिकवलं होतं. कोणी शिकवलं ते आठवायचा प्रयत्न केला. आठवेना. संडे स्कूलमध्ये नाही. घरी नाही. आईने तर कधीच नाही.

तेव्हा मी स्वतःच शास्त्र, म्हणजे बायबल, उघडून बसलो. सलग तीन संध्याकाळी. मोठ्या कागदावर तीन रकाने आखले: आहे, नाही, ठाऊक नाही. 'नाही'चा रकाना भरायला मी उत्सुक होतो. पण तिथे लिहायला मिळालं ते फार थोडं. माणूस पशूंसारखा नाश पावतो असं एका गीतात आहे, पण ते गीत श्रीमंतीचा तोरा मिरवणाऱ्या माणसांविषयी आहे, पशूंविषयी नाही. पशू धरून मारायलाच जन्मलेले असतात असं एका पत्रात आहे, पण तोही ठपका खोट्या शिक्षकांवर आहे. 'आहे'च्या रकान्यात, मेलेलं जनावर उठेल असं सरळ सांगणारी एकही ओळ सापडली नाही. मात्र तिसरा रकाना भरत गेला. जलप्रलयानंतर देवाने करार केला तो नावेतून उतरलेल्या एकूणएक प्राण्याशी केला. संदेष्ट्याच्या आधी देवदूत दिसला तो त्याच्या गाढवीला. एक नगर वाचवताना देवाने तिथल्या गुराढोरांचीही आठवण काढली. सगळी सृष्टी कण्हत सुटकेची वाट पाहते आहे असं एक प्रेषित लिहितो. आणि सगळ्यात शहाणा म्हणवणारा राजा विचारतो की माणसाचा श्वास वर जातो आणि पशूचा खाली, हे कोणाला ठाऊक आहे?

कोणाला ठाऊक आहे, असं तो राजा विचारतो. मी चहाच्या कपाशी उभा राहून म्हणालो होतो, बिल्कुल.

तो कागद मी घडी घालून वहीत ठेवला. इतकं कळूनही मी पालमला गेलो नाही. मनाशी म्हटलं, नाताळच्या उपासनेला काका येतील, तेव्हा दोन शब्द बोलू. काका आले नाहीत. मग म्हटलं, थंडी फार आहे, जानेवारीत येतील.

जानेवारीतल्या एका शनिवारी सकाळी, बाहेर धुकं दाटलेलं असताना दारावर थाप पडली. काकांची मुलगी होती. पंचेचाळिशीची, कॅन्टोन्मेंटमधल्या एका शाळेत शिकवणारी. सगळं लहानपण छावण्यांमध्ये गेलेलं, त्यामुळे तिच्या मराठीत हिंदी मिसळलेली असायची. ती बसली नाही.

"दादा, त्या दिवशी तुम्ही बाबांना काय सांगितलं?"

मी सांगितलं. जसं बोललो तसं, काही न लपवता.

"अच्छा," ती म्हणाली. "मग बरोबर आहे. बाबा तेच बोलतात. कुठंच नाही, कुठंच नाही." तिने शाल आवळून घेतली. "फेफडं गेलंय त्यांचं. डॉक्टर म्हणतात, फार दिवस नाहीत. पाळकसाहेब भाकर घेऊन दोनदा आले. बाबा तोंड फिरवून पडून राहतात. मी पाळकसाहेबांना म्हटलं होतं, तुम्हाला सांगू नका. पण आता मला दुसरं काही सुचत नाही."

"पण नोव्हेंबरात तर त्यांनी प्रभुभोजन घेतलं असेल ना?" मी म्हणालो. का विचारलं कोण जाणे. वहीत काय असेल ते डोक्यात आलं असावं.

ती म्हणाली, "घेतलं. वीस वर्षांनी पहिल्यांदा. तुम्हाला माहीत नव्हतं?"

"वीस वर्षं? कसं शक्य आहे? मी दर महिन्याला पेले मोजतो."

"मग बघा की तुमच्या वहीत."

मी वही काढली. ऑक्टोबरात उपस्थिती एकाहत्तर, पेले एकोणपन्नास, उरलेले बावीस. बावीसपुढे माझ्याच अक्षरात 'मुले'. मागचा महिना, त्याच्या मागचा. पेले आणि उपस्थिती यांत जो फरक येई तो मी मुलांच्या नावावर टाकत असे, कारण आमच्यात मुलं प्रभुभोजन घेत नाहीत. मग संडे स्कूलची हजेरी काढली आणि ताडून पाहिली. त्या महिन्यात मुलं एकवीस. आदल्या महिन्यात वीस, आणि माझ्या रकान्यात एकवीस. काका आले त्या प्रत्येक महिन्याला एक जास्त. फक्त त्या नोव्हेंबरात दोन्ही आकडे जुळत होते, आणि जुळत होते म्हणून मी तिकडे पाहिलंही नव्हतं.

सहा वर्षं मी एका म्हाताऱ्या माणसाला मुलांच्या रकान्यात धरत आलो होतो. मी खुर्चीवर बसलो. बायकोने त्या बाईला हात धरून बसवलं, पाणी दिलं.

"का पण? का घेत नव्हते?"

"भाकर देण्याआधी पाळकसाहेब म्हणतात ना, कोणाशी तुझं काही असेल तर आधी जा, समेट कर, मग ये. सगळे ऐकतात आणि पुढे जातात. बाबा फौजी आहेत. सांगितलं तसं करतात. त्यांचं त्या खेचराशी काहीतरी आहे. काय ते मला कधी बोलले नाहीत. फक्त म्हणायचे, तिच्याशी समेट व्हायचाय. त्या रविवारी तुम्ही तिचं नाव वाचलं, घंटा झाली, सगळे उभे राहिले. बाबांना वाटलं, ती आहे. कुठंतरी आहे, आपल्याच माणसांत आहे. माफी मागता येईल. त्यांनी मागितली आणि भाकर घेतली. आणि दहा मिनिटांत तुम्ही सांगितलंत की तिथे कोणीच नव्हतं. आता म्हणतात, समेट न होता मी प्रभूची भाकर खाल्ली. असं खाणारा स्वतःवर दंड ओढवून घेतो. तेही चर्चमध्येच ऐकलंय त्यांनी."

काकांचा तो मोकळा चेहरा मला आठवला. चहाचा कप हातात धरून ते हसत होते, आणि मी त्यांच्याकडे वय विचारायला गेलो होतो.

दुपारी पाळकांच्या स्कूटरवर मागे बसून मी पालमला गेलो. मांडीवर भाकरीचा डबा आणि द्राक्षारसाची छोटी बाटली. वाटेत पाळक एवढंच म्हणाले, "तिथे काय बोलायचं ते ठरवलंत का?" मी नाही म्हणालो. "बरं झालं," ते म्हणाले.

धुकं विरून ऊन पडलं होतं. काका गच्चीवर खाटेवर होते, फौजी कांबळ्यात गुंडाळलेले. दोन महिन्यांत निम्मे झाले होते. विमानतळ जवळ असल्यामुळे दर काही मिनिटांनी डोक्यावरून विमान जाई, आणि ते जाईपर्यंत सगळ्यांना गप्प बसावं लागे.

"सलाम, काका."

त्यांनी मान हलवली.

"काका, त्या दिवशी मी जे बोललो ते मला ठाऊक नव्हतं." हे वाक्य मी स्कूटरवर जुळवलं नव्हतं. ते तसंच आलं. "माझी आई गेली होती. तिच्या नावानंतर ते नाव आलं म्हणून राग आला. रागात बोललो. नंतर शोधलं. तीन दिवस शोधलं. ती कुठंच नाही असं कुठेही लिहिलेलं नाही."

विमान गेलं. काकांनी ते जाऊ दिलं.

"म्हणजे आहे?" त्यांनी विचारलं.

इथे हो म्हणणं सोपं होतं. त्यांची मुलगी कठड्याशी उभी राहून माझ्याकडे पाहत होती. मी हो म्हणावं असं तिला हवं होतं, हे मला दिसत होतं. पण एकदा ठाऊक नसताना ठामपणे बोलून मी या माणसाला खाटेवर आणलं होतं.

"आहे असंही लिहिलेलं नाही, काका. मला ठाऊक नाही."

मुलीने तोंड वळवलं. काकांनी पाळकांकडे पाहिलं. "तुम्हाला?"

"मलाही नाही," पाळक म्हणाले. "चिमणी पडते तीही देवाला कळते, एवढं मी शिकवतो. त्यापुढचं मला कोणी दाखवलेलं नाही."

काकांनी नजर आभाळाकडे वळवली. मग बोलायला लागले. अडखळत, धाप लागत.

वाट घसरडी होती. ती घसरली, पुढचा पाय दुखावला. मोडला नव्हता, असं ते दोनदा म्हणाले. मोडला नव्हता. पण ओझं वर पोचवायचं होतं आणि थांबायला वेळ नव्हता. सुभेदारांनी ओझं दुसऱ्या खेचरांवर वाटलं आणि म्हणाले, हिला संपवावं लागेल. ती वेदनेने डोकं झटकत होती, एका जागी ठरत नव्हती. तिला फक्त काकाच शांत करू शकत. सुभेदार म्हणाले, गूळ दाखव. खिशात नेहमी गूळ असे. त्यांनी उजवा तळवा पुढे केला. ती आली, मान खाली घातली, आणि गूळ चाटू लागली.

"गोळी मी नाही घातली," काका म्हणाले. "सगळे तेच सांगतात. तू कुठे घातली? मी फक्त गूळ धरला." त्यांनी कांबळ्यातून हात बाहेर काढला आणि त्याच्याकडे पाहिलं. "तिचे ओठ इथे होते."

मी पाहिलं, मुलीने ओढणीने तोंड दाबून धरलं होतं. तिनेही हे पहिल्यांदाच ऐकलं असावं. मी पाण्याच्या टाकीच्या ओट्यावर बसलो. मी त्या रविवारी समजलो होतो की हा जनावराचा लळा लागलेला एक साधा म्हातारा आहे, त्याला आपलं खेचर स्वर्गात भेटायला हवंय. त्यांना ती भेटायला नको होती. भेटेल याची त्यांना भीतीच वाटत असणार. तरी ती कुठंतरी असायला हवी होती, कारण त्याशिवाय माफी कोणाकडे मागायची? देव माफ करील, असं पाळकांनी त्यांना आधीच सांगितलं होतं, हे मला नंतर कळलं. काका म्हणाले होते, देवाला मी गूळ नव्हता दाखवला.

"म्हणजे असूही शकेल," काका आता म्हणाले. माझ्याकडे पाहून, हिशोब तपासून घेतल्यासारखं.

"असूही शकेल."

"तुम्हाला ठाऊक नाही, पाळकसाहेबांना ठाऊक नाही."

"नाही."

"मग पुन्हा मागून बघतो."

ते उठून बसू लागले. पाळकांनी एका बाजूने धरलं, मी दुसऱ्या. त्यांनी आमच्याकडे पाहिलं नाही. कठड्यापलीकडे, जिथे शेजारच्या गच्चीवर कपडे वाळत होते, तिकडे तोंड करून ते बोलले. हिंदीत बोलले, कारण पाच वर्षं तिच्याशी ते हिंदीतच बोलत आले होते. तिचं नाव घेतलं आणि म्हणाले, "गुड़ तो असली था, बेटा. मैं ही झूठा निकला. माफ कर दे."

त्यानंतर विमान आलं. ते जाईपर्यंत आम्ही दोघं त्यांना तसंच धरून बसलो. मग पाळकांनी मी ओट्यावर ठेवलेला डबा घेतला आणि उघडला.

काकांनी मान हलवली. "आज नको."

"काका," मी म्हणालो, "आता काय राहिलं?"

"आज मागितली. तिला वेळ द्या जरा."

मी पाळकांकडे पाहिलं. ते काहीतरी म्हणतील असं वाटलं, की असं नसतं, अशी वाट पाहायची नसते. डॉक्टरांनी दिवस सांगितले होते ते त्यांनाही माहीत होते. त्यांनी डब्याचं झाकण लावलं आणि म्हणाले, "शनिवारी येतो."

तो आठवडा मला फार जड गेला. ऑफिसात फोन वाजला की मीच आधी उचलत असे. भाकर न घेता काका गेले तर, हा विचार डोक्यातून जाईना. मधेच वाटे, आपण हो म्हणायला हवं होतं, काय बिघडलं असतं. मग वाटे, नाही. बायको म्हणाली, "तुम्ही या वेळी तरी खरं बोललात." मला त्याने फारसं बरं वाटलं नाही.

शनिवारी आम्ही पुन्हा गेलो. काका होते. खाली खोलीत होते, कारण जिना चढवणं आता शक्य नव्हतं. आवाज जवळजवळ गेला होता. पाळकांनी प्रार्थना केली, आणि मग नेहमीचे ते शब्द म्हटले, कोणाशी तुझं काही असेल तर आधी जा, समेट कर. ते शब्द गाळावेत असं माझ्या मनात येऊन गेलं. पाळकांनी गाळले नाहीत. म्हणून झाल्यावर ते थांबले.

काकांनी कांबळ्यातून उजवा हात काढला, तळवा वर केला आणि पुढे धरला.

पाळकांनी त्यावर भाकरीचा तुकडा ठेवला. तो उचलून तोंडाशी न्यायला काकांना खूप वेळ लागला. मुलगी मदतीला पुढे झाली तर त्यांनी डोळ्यांनीच नको म्हटलं. जिला वेळ दिला होता तिच्याकडून काय उत्तर आलं, कसं आलं, हे मी त्यांना विचारलं नाही. पाळकांनीही विचारलं नाही.